आठ नंबरच्या तारा

माझ्या मुलीचं लग्न माझ्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटावर अडलं होतं.

वाक्य अतिशयोक्तीचं वाटेल. पण त्या आठवड्यात आमच्या घरात ते कुणालाच तसं वाटत नव्हतं. सकाळी कॉफी देताना बायको आधी माझ्या बोटाकडे बघायची, मग माझ्या तोंडाकडे, आणि दोन्हीकडे आशेला जागा नाही असं दिसल्यावर पेला ठेवून निघून जायची.

झालं होतं ते असं. आमची वसुधा चेन्नईला नोकरी करते. तिच्याच कचेरीत किशोर नावाचा मुलगा. त्याचं घर कुंभकोणमला, आणि योगायोगाने (आईबापांना सांगायच्या गोष्टींत योगायोग फार असतात) तोही आमच्यासारखाच तंजावूरकडचा मराठी. दोघांनी आपापसांत सगळं ठरवून टाकलं होतं. पसंती झाली होती, फक्त पाहणं राहिलं होतं. येत्या रविवारी किशोरच्या आईवडिलांनी आमच्याकडे यायचं, सोज्जी-बज्जी म्हणजे गोड सांजा आणि भजी खायची, आणि हे सगळं आपणच ठरवतो आहोत असा चेहरा आम्ही चौघा वडीलधाऱ्यांनी करायचा, एवढंच काम उरलं होतं.

त्यात भुजंगराव निघाले.

भुजंगराव म्हणजे किशोरचे वडील. ते बँकेतून निवृत्त झाले होते, पण घराण्यातून झाले नव्हते. पहिल्याच फोनवर त्यांनी मला सांगितलं की त्यांचे मूळ पुरुष महाराजांच्या हत्तीखान्याचे मुख्य होते. मी आदराने ऐकून घेतलं. तंजावुरात अशा वेळी वाद घालायचा नसतो. राजवाड्याच्या आसपासच्या आमच्या गल्ल्यांत प्रत्येक घराचा मूळ पुरुष सेनापती, दिवाण, नाहीतर किल्लेदार. महाराष्ट्रातून इतक्या दूर आलेली ती फौज बहुधा नुसत्या सेनापतींचीच असावी. साधा शिपाई म्हणून आलेल्या माणसाचा वंशज मला आजवर भेटलेला नाही. (आमचे मूळ पुरुष काय करत होते ते आम्हांला माहीत नाही. त्यावरून ते काय करत असतील याचा अंदाज येतो.)

दुसऱ्या फोनवर भुजंगरावांनी नियम सांगितला. त्यांच्या घरात सून येते ती गाऊन येते. त्यांची आई गाऊन आली, बायको गाऊन आली. सोज्जी-बज्जी झाली की मुलीने एक गाणं म्हणायचं, मग पुढची बोलणी.

मी हे वसुला कळवलं. ती म्हणाली, "मी गाणार नाही, अप्पा. किशोरला कोणी भरतनाट्यम करून दाखवायला सांगितलंय का?"

"एकच गाणं, वसु."

"प्रश्न गाण्याचा नाही. मी बाथरूममध्ये रोज गाते. पण परीक्षा म्हणून नक्को."

तिकडे भुजंगराव हटेनात, इकडे वसु हटेना. किशोर बिचारा दोन्हीकडे फोन करून करून एक तोड घेऊन आला: मुद्दा मुलीच्या गाण्याचा नाही, घरात सूर आहे की नाही याचा आहे, तेव्हा मुलगी नाही तर घरच्या दुसऱ्या कुणी काही गावं, वाजवावं. भुजंगराव कसेबसे तयार झाले. मी सुटकेचा निःश्वास सोडला, कारण घरच्या दुसऱ्या कुणी म्हणजे आमची अक्का. माझी ही थोरली बहीण तिरुवैयारूला वीणा शिकवते. तिने वीणा मांडीवर घेतली तर भुजंगरावांचे मूळ पुरुषही हत्तीवरून खाली उतरून ऐकत बसतील.

फोन स्पीकरवर होता. अक्का त्या दिवशी आमच्याकडे आली होती आणि शेजारीच बसली होती.

"तुमच्या भगिनींचें लग्न झालें आहे ना?" भुजंगरावांनी विचारलं. "म्हणजे गोत्र बदललें. त्या आतां दुसऱ्या घरच्या. आम्हांला तुमच्या घराचा सूर पाहिजे, रघुनाथराव."

बायको लग्नाने आमच्या गोत्रात आली असली तरी तीही बाद; तिच्यात सूर असलाच तर तो तिच्या बापाच्या घरचा. जन्मापासून आजवर आमच्याच गोत्राचा, रविवारी हजर असणारा, वसु सोडून एकच माणूस शिल्लक उरत होता.

फोन ठेवल्यावर अक्का म्हणाली, "लहानपणीं मार खाऊन मी शिकलें. तूं अंगणांत गोट्या खेळत होतास. आणि सूर तुजकडे राहिला म्हणे."

मग तिने माझ्या कोपऱ्यातल्या गिटारकडे पाहिलं.

ही गिटार वसुची. कॉलेजच्या वसतिगृहात असताना तिने घेतली आणि नोकरी लागल्यावर आमच्याकडे टाकून दिली. मी निवृत्त झाल्यावर ती हातात घेतली. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून संपल्यावर माणसाने काहीतरी निरुपयोगी शिकावं, असं मी कुठेसं वाचलं होतं. (मी कोणतीही गोष्ट आधी वाचतो, मग करतो. पुष्कळदा वाचूनच थांबतो, आणि ते सगळ्यांना बरं पडतं.) फोनवरचे धडे बघून मी चार-पाच पकडी, म्हणजे कॉर्ड, शिकलो होतो आणि आमच्याकडे गौरीच्या दिवशी म्हणतात ते एक जुनं गाणं त्यांत बसवलं होतं. म्हणजे जवळजवळ बसवलं होतं. मधे एक जागा अशी यायची की तिथे पहिल्या बोटाने सगळ्याच्या सगळ्या तारा एकदम दाबून धरायच्या. ती जागा आली की माझं बोट कळवळायचं, तारा बद्द वाजायच्या आणि गाणं लंगडत पुढे जायचं. त्या जाड पोलादी तारांनी माझ्या बोटांची अशी दशा केली होती की रेशनच्या दुकानातल्या अंगठे घ्यायच्या यंत्राने माझं पहिलं बोट ओळखायला साफ नकार दिला. सरकारदरबारी ते बोट माझं राहिलं नव्हतं, आणि भुजंगरावांना नेमका त्याच बोटात आमचा वंश शोधायचा होता!

मी वसुला फोन करून परिस्थिती सांगितली. तिने तिकडे दीर्घ श्वास घेतल्याचं ऐकू आलं. मग ती म्हणाली की तारा बदला. जुन्या तारा जाड आहेत, पातळ घातल्या की दाबायला सोप्या जातील. दुकानात जाऊन अकरा नंबरच्या मागायच्या, फार तर दहाच्या. आणि फोन ठेवता ठेवता तिने बजावलं, "अप्पा, फक्त तारा बदलायच्या. बाकी कशाला हात लावायचा नाही. प्लीज. माझं सगळं यावर आहे."

तिचा आवाज शेवटी जरा कापला. वसुचा आवाज सहसा कापत नाही. मला रात्रभर तेच ऐकू येत राहिलं.

म्हणून मी वाचायला बसलो. तारांचा नंबर म्हणजे सगळ्यांत बारीक तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात. नंबर जितका लहान तितकी तार बारीक. तार जितकी बारीक तितका ताण कमी. ताण जितका कमी तितकं बोट सुखी. पितळी वेटोळ्यांच्या तारा असतात, काशाच्या असतात, आत रेशीम घातलेल्याही असतात. नायलॉनच्या या गिटारला चालत नाहीत. हे सारं मी जेवताना बायकोला समजावून सांगितलं. तिने मन लावून ऐकलं आणि विचारलं की रस्सम हवं की ताक.

दुसऱ्या दिवशी कीळवासलला वाद्यांच्या दुकानात गेलो. तिथे वीणेच्या तारा, व्हायोलिनच्या तारा, मृदंगाची शाई, सगळं होतं. गिटारच्या तारा मागितल्यावर दुकानदाराने खालच्या कप्प्यातून पाकिटं काढून फुंकर मारली. अकराच्या संपल्या होत्या. दहाच्या एक पाकीट होतं. आणि त्याच्या खाली एक, धुळीने माखलेलं, आठ नंबरचं.

आठ!

पाकिटावर डोळ्यांवर केस आलेला एक तरुण आणि त्याच्या मागे कडाडणारी वीज. या तारा विजेवरच्या गिटारच्या आहेत हे मला कळत नव्हतं असं नाही. मी वाचलेला माणूस आहे. पण मी असा विचार केला की तार ती तार. ती कोणत्या गिटारवर बसली आहे हे तिला कोण सांगणार? वसुने दहा म्हटलं, कारण तिला आठ असतात हे माहीत नसणार. दहाने बोट सुखी होत असेल तर आठने ते स्वर्गात जाईल. दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, "सूपर चॉईस, सार." ते पाकीट त्याच्या दुकानात किती काळ पडून होतं ते लक्षात घेता, एवढ्या मनापासूनची दाद मला आयुष्यात फार थोड्या वेळा मिळाली आहे.

तारा चढवल्या. दाबून पाहिलं. काय सांगू! बोट नुसतं टेकवलं की तार दबत होती. लोण्यात सुरी गेल्यासारखं. ती अवघड जागा, सगळ्या तारा एकदम दाबायची, मी डोळे मिटून दाबली आणि चटका बसला नाही. मी बायकोला हाक मारली. ती पिठाच्या हातांनी आली, ऐकलं आणि म्हणाली, "करकर कसली येतेय?"

करकर येत होती खरी. ताण इतका कमी झाला होता की गिटारची दांडी सैलावून मागे गेली होती आणि तारा दांडीवरच्या पडद्यांना घासत होत्या. प्रत्येक सुराबरोबर डब्यात अडकलेला भुंगा बाहेर यायला बघत होता. शुक्रवार उजाडला होता. दहाच्या तारा आणायला परत दुकानात जावं, हा विचार माझ्या मनात आला होता, हे मी इथे प्रामाणिकपणे नोंदवतो. पण मग बोटाची आठवण झाली. आणि तेवढ्यात तिरुवैयारूच्या बसने अक्का आली.

तिला गोत्रातून काढलं होतं, पण आमच्या घरातून काढायची कुणाची छाती नव्हती. तिने गिटार वीणेसारखी मांडीवर आडवी घेतली, दांडीवरून नजर फिरवली, एक तार छेडली आणि वैद्याने नाडी सोडावी तशी सोडली.

"श्रुती फार वर आहे," ती म्हणाली. श्रुती म्हणजे वाद्य ज्या सुराला लावलेलं असतं तो सूर. "तुझ्या वयाला शोभत नाहीं." आणि सगळ्या खुंट्या तिने खाली उतरवल्या.

तारा आणखी सैल झाल्या. बोटाला आणखी सोपं झालं. करकर मात्र वाढली. आता डब्यात दोन भुंगे होते.

अक्का हार मानणाऱ्यांतली नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून त्यातून हवा तसा झंकार काढणारी तिची बोटं. नको असलेली करकर मारणं म्हणजे तिला काहीच नाही. तिने पेटीतून जुन्या रेशमी काठाची एक पट्टी फाडून आणली आणि घडी घालून घोडीजवळ सगळ्या तारांच्या खाली अलगद बसवली. मग छेडून पाहिलं. करकर गेली होती. तिच्याबरोबर आणखीही बरंच काही गेलं होतं, पण करकर गेल्याच्या आनंदात ते आमच्या लक्षात आलं नाही.

राहता राहिला एक दोष. एका पकडीवरून दुसरीवर जाताना माझी खरबरीत बोटं तारांवर चीं चीं करत होती. त्यावर वीणेच्या घरात उपाय ठरलेला आहे. वीणा वाजवणाऱ्यापाशी नेहमी एक छोटी वाटी असते, तिच्यात खोबरेल तेलात भिजवलेला कापूस. बोटं त्यावर टेकवायची की तारेवरून पाण्यासारखी जातात. अक्काने कापूस भिजवला, माझ्या बोटांना लावला आणि हात फिरताच राहिला म्हणून सहाही तारांना वरपासून खालपर्यंत लावला. जाड तारांवरची बारीक वेटोळी तेल प्यायली. चीं चीं थांबली. प्लास्टिकची नखी हातातून निसटू लागली, म्हणून ती सोडून मी अंगठ्याच्या मऊ भागाने वाजवू लागलो. अंगठा तर आणखी सोपा.

शनिवारभर मी मधल्या खोलीत, पंखा बंद करून, दार लावून, गिटार छातीशी धरून सराव केला. गाणं सबंध येत होतं. ती अवघड जागा येत होती आणि जात होती, आणि बोटाला पत्ता नव्हता. अक्का समोर गुडघ्याला गुडघा लावून बसली होती, तिलाही पटलं. संध्याकाळी बायकोनेही मान्य केलं. स्वयंपाकघरातून येऊन म्हणाली की आता खूपच बरं झालंय, अजिबात त्रास होत नाही.

ही सूचना होती. मी तिला प्रशंसा समजलो.

रविवारी पहाटेच्या गाडीने वसु आली. नाहून, साडी नेसून झाल्यावर तिने गिटार बघायला मागितली, पण तोवर दाराशी मोटार थांबली होती.

आधी भुजंगरावांचा आवाज घरात आला, मग मिशा, मग भुजंगराव. मागून किशोर, आणि त्याच्या मागून त्याची आई, एक बारीकशी शांत बाई, जिच्याकडे बोलायची पाळी बहुधा फार वर्षांत आली नसावी. सोज्जी-बज्जी आली. भुजंगरावांनी हत्तीखान्यापासून सुरुवात केली. हत्तींची नावं सांगितली. एक हत्ती फक्त त्यांच्या पणजोबांच्या हातूनच खायचा ते सांगितलं. मग आपल्या गळ्याविषयी सांगितलं, रोज सकाळी आपण तारसप्तकात साधना करतो ते सांगितलं, आणि नमुना म्हणून एक तान घेतली. आमच्या खिडकीतली कबुतरं उडाली. पंखा पूर्ण वेगात खडखडत होता, रस्त्यावरून मोटारसायकली जात होत्या, आणि वसु दाराच्या चौकटीशी उभी राहून माझ्याकडे पाहत होती. तिच्या डोळ्यांत ती सहा वर्षांची असताना शाळेच्या पहिल्या दिवशी होतं तेच होतं.

"तर मग, रघुनाथराव," भुजंगरावांनी हात पुसले. "तुमच्या घराचा सूर होऊन जाऊं द्या."

वसुने गिटार आणून माझ्या हातात दिली. देताना तिचा अंगठा तारेवर पडला. तिने अंगठा बघितला, मग माझ्याकडे बघून ओठ न हलवता विचारलं, "अप्पा, ह्याला तेल कोणी लावलं?"

उत्तर द्यायला वेळ नव्हता. मी डोळे मिटले आणि सुरू केलं.

मी जन्मात इतकं चांगलं वाजवलं नव्हतं. एकही बोट चुकलं नाही. अवघड जागा जवळ येऊ लागली. मला वसुचा फोनवरचा कापरा आवाज आठवला. पहिलं बोट उचललं, आडवं टाकलं, आणि सगळ्या तारा एखाद्या आज्ञाधारक वर्गासारख्या खाली बसल्या. गेली! जागा गेली! मी भरल्या मनाने उरलेलं गाणं पुरं केलं, शेवटचा सूर गिटारच्या लाकडातून माझ्या छातीत विरेपर्यंत थांबलो आणि डोळे उघडले.

सगळे स्तब्ध होते. कुणी हलत नव्हतं. मला वाटलं, हीच ती खरी दाद. टाळ्या वाजवणारे श्रोते कुठेही मिळतात.

भुजंगराव पुढे झुकून बसले होते. त्यांनी प्रोत्साहन दिल्यासारखी मान हलवली.

"श्रुती लागली वाटतें," ते म्हणाले. "आतां करा सुरुवात."

मी बायकोकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. अक्का छताकडे बघत होती. किशोर कुठेही बघत नव्हता. आणि वसु अंगठ्यावरचं तेल पदराला पुसत सावकाश डोळे मिटून उभी होती.

अशा वेळी सुसंस्कृत माणूस काय करतो? तो सांगतो की माफ करा, गाणं झालं. मी वाचलेला माणूस आहे. मी म्हणालो, "पंखा जरा बंद करा."

पंखा बंद झाला. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी अंगठ्याने जोर लावला, पण आठ नंबरच्या, सैल, रेशमावर निजलेल्या, तेल प्यायलेल्या तारांना जोर लावणं म्हणजे ओल्या वातीला काडी लावणं. सगळी खोली माझ्याकडे झुकली. त्या शांततेत आमच्या घरातले सगळे आवाज स्पष्ट ऐकू येऊ लागले: नळाची टिपटिप, शेजारच्या कुकरची शिट्टी, भुजंगरावांच्या दाढेखाली राहिलेल्या भज्याची कुरकुर. मधेच कुठेतरी माझं गाणंही होतं. बारीक गुणगुण, जवळ येणारी, लांब जाणारी. भुजंगरावांनी दोनदा कानामागे हात फिरवला. तिसऱ्यांदा त्यांनी नेम धरून स्वतःच्या गालावर चापट मारली आणि तळवा निरखून पाहिला. डास सापडला नाही.

गाणं संपलं. या वेळी मी स्वतःच तसं जाहीर केलं.

भुजंगरावांनी मिशा सारख्या केल्या. ते कोणत्या क्षणी काय म्हणतील हे सगळ्यांना दिसत होतं: की घराचा सूर आम्ही नीट ऐकायचा प्रयत्न केला, पण घरात तो नाही. वसु चौकट सोडून एक पाऊल पुढे आली. ती आता गाईल, असं मला एकदम वाटलं. माझ्यासाठी, जे तिला मुळीच करायचं नव्हतं ते ती आता करील. आणि मला ते नको होतं. म्हणून मी घाईघाईने बोलून गेलो, "तिनें गायचें नाहीं. कमी पडलों तो मी."

"कमी?" किशोरची आई म्हणाली.

सगळ्यांनी मान वळवली. तिचा आवाज आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. बहुधा तिच्या घरच्यांनीही बऱ्याच दिवसांनी ऐकला असावा.

"लग्न होऊन आलें तेव्हांपासून रोज सकाळीं मी ह्यांचें गाणें ऐकतें," ती माझ्या बायकोला सांगू लागली. "येतांना मोटारींतही तेंच. वाटेंत मनांत एकच भीति होती, व्याहीही असेच भेटले तर? सणासुदीला दोघे मिळून बसतील, मी कोठें जाऊं? पण तुमच्या ह्यांनीं सबंध गाणें वाजवलें आणि माझें डोकें अजून दुखत नाहीं."

"अग, पण सूर—" भुजंगराव म्हणाले.

"घरांत एक पुरे," ती म्हणाली. आणि वसुकडे वळून, "ये ग, जवळ बस. तूं गाऊं नकोस. मी गायलें, आणि काय झालें बघ."

किशोरने तोंडावर रुमाल धरला होता. त्याचे खांदे हलत होते. वसु जाऊन त्याच्या आईशेजारी बसली, आणि बसल्यावर पहिल्यांदाच त्या दिवशी हसली. भुजंगरावांनी थोडा वेळ इकडे तिकडे पाहिलं आणि मग, मोठ्या घराण्यातला माणूस करतो तसं, सगळं आपणच ठरवल्यासारखं म्हणाले, "ठीक. पसंत आहे." आणि त्या आनंदात आणखी एक तान घेतली.

मुहूर्त निघाला आहे. विहीणबाईंचा आग्रह आहे की लग्नात मी पुन्हा वाजवावं, आणि कार्यक्रमाची सगळी आखणी अक्काने हातात घेतली आहे. तिने माझं गिटारवादन नादस्वरम आणि तविल, म्हणजे आमच्याकडची दणदणीत सनई आणि ढोल, यांच्याच वेळेला ठेवलं आहे. एकाच वेळी, एकाच मंडपात. ती म्हणते, कुणाचा कुणाला त्रास व्हायचा नाही. मी आनंदाने हो म्हटलं. एवढ्या मोठ्या जनसमुदायापुढे अथपासून इतिपर्यंत वाजवावं आणि एकानेही "आता सुरुवात करा" म्हणू नये, अशी संधी माझ्या दर्जाच्या कलावंताला दुसरीकडे कुठे मिळणार?